शेरा

मोजणी खात्यातून आम्ही दोघी एकाच जूनमध्ये सुटलो.
मी नकाशे ट्रेस करायची, भाटकर आवक-जावक.
निरोपाला एकेक भिंतीवरचं घड्याळ.
ती म्हणाली, आता दर बुधवारी बाहेर जेवायचं,
दर खेपेला नवी खानावळ, अख्खी रत्नागिरी,
आणि कुळथाची पिठी मागायची.
नसेल तिथे थाळी.

वहीत तिने रकाने आखले, जुन्या सवयीने :
तारीख, ठिकाण, भात, कढी, पंखा, शेरा.

साळवी स्टॉपला पोऱ्याने पडदा दाखवला, फॅमिली तिकडे.
भाटकर म्हणाली, फॅमिली घरी आहे, आम्ही जेवायला आलोय,
आणि बसली मधल्या टेबलावर, ट्रकवाल्यांच्या शेजारी.
बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ
जीभ बधिर करून गेलं.
शेरा : उत्तम. पंखा : शून्य.

मारुती मंदिराला पिठी मिळाली,
पण वर काजू, कोथिंबीर, तुपाची नक्षी,
लग्नात थोरल्या मावशीला नटवावं तशी.
भाटकरने चमच्याने सगळं कडेला सारलं.
दहापैकी चार.

मिरकरवाड्यात हमीदाबी मुकादम हसली.
"कुळीथ? ते आम्ही घरी खातो,
गिऱ्हाईक कुठे मागतं?"
खिमा दिला आणि सांदणं, इतकी मऊ
की भाटकर गप्प झाली.
भाटकर गप्प होणं म्हणजे नऊ.

भाट्याच्या पुलापलीकडे चायनीज निघालं.
खाल्लं.
तिने फक्त पेनाला टोपण लावलं.

मग जुलैतला तो बुधवार.
होड्या वर ओढून झावळ्यांखाली,
मासेमारी बंद,
भाटकरच्या गुडघ्याचा एक्स-रे लांबलेला.
मांडवीला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.
मयेकरांचं दार अर्धं लोटलेलं,
फळ्यावर एकूण एक पदार्थावर खडूची फुली.
आतून आवाज आला : संपलं.

आम्ही पायरीवर छत्र्या झटकत उभ्या.
मयेकरीण बाहेर आली, हाताला भांड्यांची राख,
गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघितलं तिने.
"आमचंच जेवण आहे. चालेल?"

मागच्या पडवीत भांडी घासणारी सकीना,
दोन वाढपी पोरं, मयेकरणीचा दीर.
मधोमध टोप, पिठी अजून बुडबुडे काढणारी,
लसूण जरा जास्तच जळलेली, दोन आमसुलं,
खोबरं नावाला.
उकडा भात. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा,
त्याचा धूर पोरांच्या केसांत.
कुणी वाढलं नाही, डाव आमच्याकडे सरकवला.
कुणी विचारलं नाही, कसं झालंय.
सकाळी कुणीतरी सोलकढीत साखर मागितली होती,
पोरं त्याची नक्कल करत होती.
भाटकर हसली, ठसका लागला,
दिराने न बघताच तांब्या पुढे केला.

उठताना पैसे विचारले.
मयेकरीण जरा वेळ फळ्याकडेच बघत राहिली.
"थाळीचा दर आहे. ह्याचा ठरवलेला नाही."
भाटकरच्या हातात नोट तशीच,
ठेवायलाही नको, परत घ्यायलाही नको.
शेवटी पोरांपैकी एकाने तिला छत्री आणून दिली
आणि नोट पर्समध्ये गेली.

रिक्षात तिने वही उघडली.
तारीख, ठिकाण.
भात, कढी, पंखा, तिन्ही कोरे.
शेरा : सव्वातीन.

पुढच्या बुधवारी आम्ही मुद्दाम उशीर केला.
दार सताड उघडं, बाहेर कोल्हापूरची बस.
"या या, अजून भरपूर आहे," मयेकरीण म्हणाली,
आणि पुढ्यात मेन्यू कार्ड ठेवलं.
सुरमई बर्फातली. कढी बरी. पंखा चालू.
सात.

आतून लसणीचा वास यायला लागला तेव्हा
बस निघून गेली होती.
पोराने ताट उचलायला दोनदा हात पुढे केला.
भाटकर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
दोनदा म्हणाली,
थांब रे, जेवतेय अजून.